पैलतीरावरचे निदान

करंजा गावाच्या पाठीशी उभ्या असलेल्या द्रोणागिरी डोंगराविषयी उरणच्या आगरी-कोळी वस्तीत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मूर्च्छित लक्ष्मणासाठी संजीवनी घेऊन लंकेकडे निघालेल्या मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा येथे गळून पडला व तोच हा डोंगर, अशी ती कथा आहे. कथेची सत्यासत्यता तपासण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील एक तपशील वैद्यकाच्या दृष्टीने फार बोलका आहे. मारुतीने पर्वत उचलला तो बळाचे प्रदर्शन करावे म्हणून नव्हे; नेमकी वनस्पती कोणती हे त्याला ओळखता येईना, म्हणून. ओळख न पटल्यामुळे एका मुळीच्या ठिकाणी अख्ख्या पर्वताचे ओझे वाहावे लागले. मारुतीला ते पेलले. त्याच डोंगराच्या छायेत राहणाऱ्या मजुराला आपल्या दुखण्याची ओळख पटेपर्यंत जे ओझे वाहावे लागते, ते मात्र त्याला पेलत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी, बोकडवीरा, फुंडे, पाणजे, पागोटे या गावांच्या शेतांवर व मिठागरांवर सिडकोने द्रोणागिरी नावाचे उपनगर आखले. शेजारीच 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आज या परिसरात कंटेनर यार्डांत माल चढवणारे-उतरवणारे, गोदामांतले कंत्राटी कामगार, ट्रेलरचालक, मासे वाहणाऱ्या स्त्रिया आणि इमारतींच्या कामावरचे बिगारी यांची मोठी वस्ती आहे. या माणसांच्या पाठी दुखतातच. पाठदुखी ही अशा श्रमाची जणू ठरलेली वजावट आहे, असे मालक मानतो, कामगारही मानतो आणि दुर्दैवाने डॉक्टरही बहुधा तेच मानतो. गोळी दिली जाते, मलम दिले जाते, कमरेला पट्टा बांधावयास सांगितले जाते. पन्नाशी उलटलेल्या बाईचे रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. दहांतील नऊ वेळा यात काही चुकतही नाही. ज्या थोड्यांच्या बाबतीत चुकते, त्यांचा हा प्रश्न आहे.

हा रोग म्हणजे मल्टिपल मायलोमा. हाडांच्या पोकळीत जी मज्जा असते, तिच्यातच रक्तपेशी तयार होतात. तेथील प्लाझ्मा नावाच्या पेशींचे काम रोगप्रतिकारक प्रथिने बनविण्याचे. त्यांपैकी एकीची संतती अनिर्बंध वाढू लागली की रक्ताचा हा कर्करोग सुरू होतो. तो एकाच वेळी चार बाजूंनी हल्ला करतो: रक्त कमी होते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, रक्तातील कॅल्शियम वाढते आणि हाडे आतून पोखरली जातात. हाडांचा हा विकार पाचांपैकी सुमारे चार रुग्णांत कधी ना कधी होतोच. मणका खचतो, माणसाची उंची कमी होते, बरगडी शिंकेसरशी मोडते. खचलेल्या मणक्याने मज्जारज्जू दाबला, तर चालता माणूस काही दिवसांत कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने सत्तरीच्या आसपास आढळतो. आपल्याकडे तो सुमारे दशकभर आधीच दारात उभा राहतो, म्हणजे घरचा कर्ता माणूस कमावता असतानाच. आणि ज्या वेदनाशामक गोळ्यांवर रुग्णाचे ते पहिले महिने निघतात, त्या प्रकारच्या गोळ्या या रोगाने आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडांना विशेष घातक असतात. उशिराची किंमत येथे केवळ वेळेत मोजावयाची नसते.

वस्तुतः या रोगाची खूण पटवणारी विद्या नवी नाही. 1847 साली लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांनी एका रुग्णाच्या लघवीतील, तापविल्यावर चमत्कारिक रीतीने वागणाऱ्या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले; आज त्या प्रथिनाला त्यांचेच नाव आहे. हिमोग्लोबिन, रक्ताचा ईएसआर, कॅल्शियम, क्रिएटिनिन, एकूण प्रथिने व त्यांतील अल्ब्युमिन, एवढ्या साध्या तपासण्यांनी संशय बळावतो. सीरम इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीने तो बहुतेक पक्का होतो व मज्जेच्या परीक्षेने निश्चित होतो. प्रश्न उरतो तो हाडांचा. कुठले हाड किती पोखरले आहे, कोणता मणका उद्या खचेल, हे डोळ्यांनी पाहावयाचे कसे?

साध्या क्ष-किरण चित्राची मर्यादा जुनीच आहे. हाडातील खनिजांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक नाहीसा झाल्याखेरीज ते चित्र काही सांगत नाही. मग शहरात जाऊन ‘हाडांचा स्कॅन’ करून घ्या असे सुचविले जाते, आणि येथे एक विलक्षण घोटाळा होतो. रूढ बोन स्कॅन ही अणुवैद्यकाची फार मोठी कामगिरी आहे यात शंका नाही. 1971 मध्ये अमेरिकेत गोपाल सुब्रमणियन व मॅकॅफी या संशोधकांनी टेक्नेशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य फॉस्फेटच्या संयुगाशी जोडून ते हाडांपर्यंत पोचविण्याची रीत दाखवून दिली, आणि त्यानंतर स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा हाडांतील फैलाव शोधणे जगभर सुलभ झाले. पण हे टेक्नेशियम साचते कोठे? जेथे नवे हाड बांधले जात असते तेथे. हाडे ही सदैव पाडली जाणारी व सदैव बांधली जाणारी वास्तू आहे; पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. इतर बहुतेक कर्करोगांत पाडकामापाठोपाठ थोडेफार बांधकाम चालू राहते व स्कॅनमध्ये ती जागा उजळते. मायलोमाच्या पेशी मात्र पाडणाऱ्यांना चिथावतात आणि त्याच वेळी बांधणाऱ्यांचे हात बांधून ठेवतात. हाडाला भोक पडते, पण तेथे कोणी गवंडी फिरकत नाही. परिणामी बोन स्कॅन अनेकदा निर्दोष येतो. रुग्ण पैसे भरून, ‘हाडांत काही नाही’ असा कागद घेऊन घरी परततो आणि आणखी काही महिने जातात.

बांधकाम मोजावयाचे आणि पडझड मोजावयाची नाही, ही खोड केवळ एका यंत्राची नाही. द्रोणागिरीविषयीचे सरकारी अहवाल जो चाळील त्याला भूखंड, चटईक्षेत्र आणि कंटेनर यांचे आकडे मुबलक सापडतात. परंतु ते असो.

या रोगात उपयोगी पडते ते दुसऱ्या जातीचे चित्रण. फ्लोरिन-18 हे किरणोत्सारी मूलद्रव्य साखरेसारख्या एका रेणूला जोडून शिरेवाटे दिले जाते. अधाशी कर्कपेशी ती साखर ओढून घेतात, आणि सुमारे तासाभराने पेट-सीटी यंत्राखाली त्या जागा प्रकाशित होतात. बरोबरच्या सीटी चित्रात हाडाची भोके दिसतात. हाडाबाहेर गेलेल्या गाठी यात कळतात. उपचारानंतर कोणती जागा विझली व कोणती अजून धुमसते आहे हेही यातच कळते, कारण हाडाचे भोक रोग शमल्यावरही तसेच राहू शकते. 2014 मध्ये या रोगाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने निदानाचे निकष सुधारले, तेव्हा सीटी किंवा पेट-सीटीमध्ये दिसणाऱ्या 5 मिलिमीटर वा अधिक आकाराच्या एका भोकालाही हाडविकाराचा पुरावा मानले. हाड मोडण्याची वाट पाहावयाची नाही, असाच याचा अर्थ. अर्थात पेट-सीटी हा रामबाण नव्हे. काही रुग्णांच्या कर्कपेशी ती साखर पुरेशी घेतच नाहीत. शिवाय निव्वळ हाडांची पहिली पाहणी कमी मात्रेच्या संपूर्ण शरीराच्या सीटीने स्वस्तात होऊ शकते, व मणक्यांसाठी एमआरआय अधिक बारकाईने पाहतो. महागडे ते सर्वांना हवेच, असा आग्रह धरणे म्हणजे यंत्रविक्रेत्यांची वकिली करणे होय. पण ज्याला जे चित्र आवश्यक आहे ते त्याला पैशाअभावी नाकारले जाऊ नये, एवढे तरी मान्य व्हावयास हवे.

येथे भूगोल व अर्थशास्त्र एकमेकांना भेटतात. फ्लोरिन-18 ही साठवून ठेवता येणारी वस्तू नव्हे. तिचे अर्धायुष्य 110 मिनिटांचे आहे. म्हणजे सकाळी तयार झालेला माल दोन तासांच्या आतच निम्मा होतो, पावणेचार तासांत पाव उरतो. मासळीहून नाशवंत असा हा बाजार आहे. ज्या शहरापासून सायक्लोट्रॉन काही तासांच्या वाटेवर आहे तेथेच हे चित्रण होऊ शकते. गडचिरोलीच्या रुग्णाला येणारी अडचण ही काही अंशी निसर्गाचीच अडचण आहे. द्रोणागिरीला ती सबब नाही. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पहिले पेट यंत्र 2002 मध्ये परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसविण्यात आले. हे केंद्र 1963 पासून टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात काम करीत आहे, आणि ते रुग्णालय 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. बोन स्कॅनसाठी लागणारे टेक्नेशियमचे जनित्र व औषधांचे संच वितरित करणाऱ्या ‘ब्रिट’ या सरकारी मंडळाचे संकुल वाशीला आहे. रक्ताच्या कर्करोगांवरील संशोधन, उपचार आणि मज्जाप्रत्यारोपण टाटा केंद्राच्या खारघर येथील संस्थेत होते. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या तर थेट समोरच्या किनाऱ्यावर. ‘अप्सरा’ 1956 मध्ये सुरू झाली, ‘सायरस’ 1960 मध्ये सुरू होऊन 2010 च्या अखेरीस बंद झाली, ‘ध्रुव’ 1985 पासून चालू आहे. अणुशक्ती म्हटले की कोणाला पोखरण आठवते, कोणाला जैतापूर. हाडांतला रोग दाखवणारा अणू या वादांत सहसा कोणाच्या स्मरणात नसतो.

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचने उरणचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या परळची रुग्णालये गाठीत आले. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती वाट बंद होई. आता तसे राहिलेले नाही. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते चिर्ले हा 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेचेही उद्घाटन झाले. शिवडीहून परळ ते कितीसे दूर! मोटार असणाऱ्यासाठी द्रोणागिरी ते परळ हे अंतर आता फ्लोरिन-18 च्या एका अर्धायुष्यात सहज बसते. मात्र सेतूवर एका बाजूच्या मोटारीच्या प्रवासाला 250 रुपये पथकर ठरला आणि दुचाकी व रिक्षा यांना तेथे मज्जाव करण्यात आला. मजुराच्या घरी असली तर दुचाकीच असते. सेतूवर आणखी एक व्यवस्था आहे. ट्रॉम्बेच्या बाजूला प्रवाशांना अणुकेंद्र दिसू नये म्हणून कठड्याला आडपडदा बसविण्यात आला आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो योग्यच असेल. पण पैलतीरावरच्या त्या ज्ञानाच्या आणि याच तीरावरच्या मणका खचलेल्या माणसाच्या मध्ये जो पडदा आहे तो लोखंडी नाही, आणि तो सुरक्षिततेसाठी बसविलेलाही नाही.

तो पडदा किमतीचा आहे. खासगी केंद्रात पेट-सीटीला पाच आकडी रक्कम मोजावी लागते. कंत्राटी कामगाराची ती महिन्याभराची कमाई. टाटा रुग्णालयात दर गरिबाला परवडतील असे आहेत, पण तेथील रांगेत अख्खा देश उभा असतो. खासगी क्षेत्र म्हणते की आमची यंत्रे आम्ही भांडवल घालून आणली, मग दर आम्हीच ठरविणार. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. अणुवैद्यकाचा पाया कोणी घातला? टेक्नेशियम ज्यापासून मिळते ते मॉलिब्डेनम-99 जगभर मोजक्या, वयस्क व बहुतांशी सरकारी पैशाने बांधलेल्या अणुभट्ट्यांत तयार होत आले. 2009 च्या मे महिन्यात कॅनडातील चॉक रिव्हरची एकच भट्टी बिघडून वर्षाहून अधिक काळ बंद पडली, तेव्हा सबंध जगात टेक्नेशियमची टंचाई झाली. त्यानंतर 2010 मध्ये, संपन्न राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने या व्यवहाराचा अर्थशास्त्रीय अभ्यास केला. अणुभट्टीच्या पातळीवर या मालाची किंमत खर्चापेक्षा कमी आकारली जात आली व तो तोटा त्या त्या देशांचे करदाते सोसत आले, असा त्याचा निष्कर्ष होता. ही संस्था समाजवादी नाही, हे वेगळे सांगावयास नको. उगमापाशी खर्च समाजाचा आणि मुखापाशी नफा धनिकाचा, अशी ही नदी आहे. 2023 च्या मे महिन्यात ट्रॉम्बे येथे युरेनियमच्या विखंडनातून मॉलिब्डेनम-99 तयार करण्याचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे स्वागत करावयाचे. पण तो माल कोणाच्या हाडांपर्यंत पोचतो, हा हिशेब राष्ट्रानेच मागावयाचा की नाही?

उरण तालुक्याला हा हिशेब मागण्याचा अधिकार इतरांहून थोडा अधिक आहे. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली व सार्वजनिक प्रयोजनासाठी म्हणून ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी संपादित करण्याचे ठरले. 1984 च्या जानेवारीत 16 व 17 तारखेला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर या तालुक्यात गोळीबार झाला. पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. सार्वजनिक प्रयोजन हा शब्द त्या वेळी जमीन घेण्यासाठी पुरेसा होता. उरण शहरात आज एक ग्रामीण रुग्णालय आहे, आणि 100 खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाची मागणी तालुक्यात वर्षानुवर्षे होत आली आहे. बंदराला खोल पाणी मिळाले, मालाला सहापदरी रस्ते मिळाले. खाटांची गणती मात्र लांबत गेली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे व तो टाळून चालणार नाही. हा रोग विरळा आहे. भारतात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण एक नवा रुग्ण आढळतो. 2011 च्या जनगणनेत उरण तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 60 हजार होती. आता ती वाढली असे धरले तरी वर्षाला दोन-तीन रुग्ण, निदान होऊ न शकलेले जमेस धरले तर काही अधिक. ज्या तालुक्यात साध्या बाळंतपणासाठी आणि अपघातासाठी पनवेल-नवी मुंबई गाठावी लागते, तेथे दोन-तीन माणसांच्या पेट-सीटीची चिंता करणे ही चैन नव्हे काय?

आक्षेपातला पहिला भाग बरोबर आहे: द्रोणागिरीत पेट-सीटीचे यंत्र बसविण्याची मागणी कोणी करू नये. असे यंत्र दोन-तीन रुग्णांवर गंजेल, किंवा ते चालते ठेवण्यासाठी नको त्यांचे स्कॅन करावे लागतील. परंतु विरळेपणातून जो निष्कर्ष काढला जातो तो उलटा आहे. जे संकट थोड्यांवर येते, पण ज्याच्यावर येते त्याचे घर बसवते, त्याचाच भार सर्वांनी वाटून घ्यावयाचा असतो. विम्याचे सारे शास्त्र याच एका पायावर उभे आहे. दोन-तीन किंवा दहा स्कॅनचा खर्च एका कुटुंबाला उद्ध्वस्त करतो. राज्याच्या अंदाजपत्रकात तो कोणाला शोधूनही सापडणार नाही. शिवाय निदान वेळेत झाले तर पुढची वाट पूर्वीइतकी अंधारी नाही. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड यांसारखी औषधे भारतीय कंपन्यांनी बनविल्यामुळे पुष्कळ स्वस्त झाली आहेत. हाडांची झीज रोखणारे झोलेड्रॉनिक आम्ल साध्या सलाइनमधून देता येते. रोग समूळ जात नाही, पण माणूस कित्येक वर्षे चालता-फिरता राहू शकतो. खचू पाहणारा मणका आधी दिसला तर किरणोपचाराने अनेकदा सावरता येतो. खचून पाय गेल्यावर जो खर्च येतो तो कोणत्याही स्कॅनहून अधिक असतो आणि तो बहुधा घरातील एखाद्या स्त्रीच्या आयुष्यातून वसूल होतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण 5 लाख रुपयांपर्यंत नेण्याचा व ते राज्यातील सर्वांना देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. निर्णय चांगलाच आहे. पण या प्रकारच्या योजनांची रचनाच अशी असते की रोगाला नाव मिळाल्यावर आणि रुग्ण दाखल झाल्यावर त्यांचे दार उघडते. नाव मिळेपर्यंतची बाह्यरुग्ण विभागातली भटकंती, एकामागून एक एक्स-रे, निर्दोष निघालेला बोन स्कॅन, बुडालेले रोज, हे सारे रुग्णाच्या खिशातून जाते. आणि मायलोमात खरी नासाडी याच महिन्यांत होते. उपचाराला विमा व निदानाला बाजार, ही विभागणी बदलावयास हवी. संशयित रुग्णाचे चित्रण, मग ते कमी मात्रेचे सीटी असो वा पेट-सीटी, हा उपचाराचाच पहिला भाग मानून तो योजनेत बिनशर्त समाविष्ट केला पाहिजे. ज्या खासगी केंद्रांना सार्वजनिक अणुभट्टीतून तयार झालेला माल मिळतो किंवा सवलतीची जमीन मिळाली आहे, त्यांनी ठरावीक चित्रणे ठरावीक दराने करावीत, ही अट त्या मालाबरोबर व त्या जमिनीबरोबरच लिहिली गेली पाहिजे.

त्याआधीचे काम याहूनही साधे आहे. पन्नाशीपुढच्या ज्या माणसाची पाठदुखी सहा आठवड्यांत हटत नाही आणि ज्याचे रक्त कमी आहे, त्याला तिसऱ्यांदा तीच गोळी देण्यापूर्वी ग्रामीण रुग्णालयाने त्याचे कॅल्शियम, क्रिएटिनिन व प्रथिने तपासावीत, एवढा एक नियम भिंतीवर लावावयाचा. इलेक्ट्रोफोरेसिसचे यंत्र उरणला नको. रक्ताचा नमुना पाठवता येतो, आणि फ्लोरिनसारखा तो वाटेत निम्मा होत नाही. उरणहून खारघरपर्यंत रोज सुटणाऱ्या शेकडो ट्रेलरांच्या रस्त्यावरून एक शीतपेटी नेणारी गाडी आठवड्यातून दोनदा जाऊ शकते. परतताना ती अहवाल व, जेथे गरज असेल तेथे, स्कॅनची ठरलेली तारीख घेऊन येईल. त्या तारखेला रुग्णाला सेतूवरून परळला नेणारी रुग्णवाहिका व तिचा पथकर यांची तरतूद जिल्हा आरोग्य विभागाने करावयाची आहे.